उडीची कुळकथा

सोनारीच्या काळभैरवनाथाच्या देवळात प्रसादाची पिशवी उघड्यावर धरून चालायचं नसतं, हे परंडा भागातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. नवखा भाविक मात्र हमखास फसतो. भिंतीवर डुलक्या घेत बसल्यासारखं दिसणारं माकड अचानक झेप घेतं, पिशवीला हिसका बसतो, नारळाची शकलं फरशीवर घरंगळतात. क्षणभर सगळ्यांचा श्वास अडकतो. लेकराला बोचकारलं तर नाही ना? तेवढ्यात माकड उंच कठड्यावर जाऊन बसतं, खोबऱ्याचा तुकडा गालात कोंबतं आणि खाली एकटक बघत राहतं. मग सगळे हसत सुटतात. ज्याची पिशवी गेली तोही.

आधी ‘अगं बाई’ आणि लगोलग हसू. मूकपटाने जगभरच्या प्रेक्षकांकडून हेच काढून घेतलं. बस्टर कीटनच्या अंगावर घराची अख्खी भिंत कोसळते, तो नेमका उघड्या खिडकीच्या जागी उभा असल्यामुळे वाचतो, आणि आपण भीतीतून थेट हसण्यात येऊन पडतो. मधे विचार करायला फुरसतच नसते. पण आपल्याकडच्या पडद्यावरची उडी काही हॉलिवूडहून आलेली नाही. तिचं कूळ आपल्या देवळांच्या आवारात, जत्रेच्या फडात आणि तालमीच्या मातीत आहे. आणि त्या कुळाच्या मुळाशी बऱ्याचदा माकडच बसलेलं सापडतं.

मल्लखांबाचंच बघा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्याला आव्हान द्यायला आले. ते आव्हान पेलायला निघालेल्या बाळंभटदादा देवधरांनी सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन मारुतीची आराधना केली आणि माकडाच्या रूपात त्यांना खांबावरच्या कसरतींचा दृष्टांत झाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण खांबाला पायांची कात्री घालून उलटं लटकलेलं पोर ज्याने पाहिलंय, त्याला ती खोटी वाटत नाही.

दुसरं घराणं रस्त्यावरचं. कोलांटउडी या शब्दातच कोल्हाटी समाजाचं नाव आहे. त्यांच्या कसरतीने भाषेला तो शब्द दिला. डोंबाऱ्याची पोर हातात आडवी काठी धरून दोरीवर चालते, खाली ढोलकं वाजत असतं, आणि ती मुद्दाम एकदा डगमगते. त्या डगमगण्यातच सगळी कला असते. गर्दी पुढे सरकते, पैसे पडतात. पुढे स्टंटवाल्यांनी पडद्यावर वापरली ती युक्ती हीच.

हे सगळं कॅमेऱ्यात शिरलं ते सावेदादांच्या हातून. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलचित्रं दाखवली गेली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईतले छायाचित्रकार. हलत्या चित्रांनी ते भारावले आणि त्यांनी इंग्लंडहून 21 गिनी मोजून कॅमेरा मागवला. 1899 साली त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. त्यानंतर टिपला तो माकडांना खेळ शिकवणारा माणूस. आपल्या माणसाने आपल्या मातीत काढलेल्या पहिल्या दोन फिल्मा, त्यांत एक कुस्ती आणि एक माकड! सावेदादांना हा योगायोग वाटला नसणार. हलणारी वस्तू शोधायला निघालेला मराठी माणूस सरळ जत्रेत गेला, एवढंच.

पुढे दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (1917) गणपत शिंद्यांचा मारुती पडद्यावर उडाला. अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते, त्याची चर्चा आजही होते. मला मात्र त्या चित्रपटाचा प्राण शेपटीत वाटतो. शेपटीला आग लावलेला वीर म्हणजे एकाच वेळी भय आणि गंमत. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करत, त्यामुळे डोळ्यांना कुठे फसवायचं हे त्यांना नेमकं कळत होतं. 1919च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. गोकुळातल्या खोड्या आणि नागाशी झुंज, दोन्ही एकाच पोरीने निभावलं.

कोल्हापुरात गोष्ट वेगळी. तिथे तालमी होत्या. बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’त (1920) बाळासाहेब यादवांचा भीम आणि झुंजारराव पवारांचा कीचक भिडले, तेव्हा प्रेक्षकांच्या किंकाळ्या उठल्या. तो प्रसंग पुढे कापावा लागला. कमावलेल्या शरीराची झटापट जवळून दिसली की हसू मागेच राहतं आणि नुसता थरार उरतो, हे तिथे कळलं.

पेंटरांच्याच कंपनीत चित्रपटाचं काम शिकलेले मास्टर विठ्ठल नंतर शारदा फिल्म कंपनीत गेले आणि 1926च्या ‘रतन मंजरी’पासून नायक झाले. तलवारबाजी, घोडेस्वारी, उड्या. लोक त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणत. मला यात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. मूकपटात कथा सांगायला पाट्या यायच्या आणि त्या वाचायला अक्षरओळख लागायची. आमचा परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात. कारभाराची भाषा उर्दू, घरातली मराठी, आणि बहुतेकांना दोन्ही वाचता येत नसत. उडीला पाटी लागत नाही. खंदकावरून झेपावणारा विठ्ठल कुणालाही, कुठल्याही गावात, जसाच्या तसा कळला असता.

14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट लागला. नायक मास्टर विठ्ठलच. पण बोलपटाला हवे तसे संवाद त्यांच्या तोंडी बसेनात, म्हणून त्यांचं पात्र बराच वेळ अर्धवट शुद्धीत दाखवलं गेलं. ज्याचं सगळं बोलणं हातापायांत होतं, त्याला आडवं करून ठेवलं.

उडी मात्र थांबली नाही. अमरावतीत जन्मलेला, मुंबईत कुस्ती खेळलेला एका गिरणी कामगाराचा मुलगा मूकपटातच विनोदी कामं करू लागला होता. भगवान पालव, म्हणजे आपले भगवानदादा. वर्षानुवर्षं स्वस्तातले मारामारीपट काढून झाल्यावर 1951च्या ‘अलबेला’त त्यांचं आडव्या बांध्याचं शरीर हलकेच डुललं, हात खांद्याशी फिरले, पाय जागच्या जागी थिरकले. गणपतीच्या मिरवणुकीत ताशा तापला की तीच चाल पोरं आजही धरतात.