पेळूतले सूत आणि पडद्यावरचे चित्र

वऱ्हाडच्या माणसाला कापसाची गोष्ट वेगळी सांगायला नको. चरख्यावर बसलेली बाई पेळूतले सगळे सूत एकदम काढत नाही. हात मागे जाईल तेवढेच सूत निघते, बाकीचे पेळूतच असते. संगणकशास्त्रात अशाच एका रीतीला ‘आळशी गणन’ म्हणतात. गरज पडेल तेवढेच मोजायचे, उरलेले तसेच ठेवायचे. या आळसाने संगणकावरच्या हलत्या चित्रांच्या इतिहासाला एक वेगळे वळण दिले. त्यातले एक पान आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहे.

पडद्यावर चेंडू उडवायचा तर नेहमीचा प्रोग्रॅम हुकूम सोडत जातो : इथे काढ, पूस, जरा पुढे काढ. दुसरी परंपरा गणिताची आहे. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात जे फलनांचे गणित मांडले, त्यातून ‘फंक्शनल प्रोग्रॅमिंग’ आले. त्यात ‘काय कर’ यापेक्षा ‘काय आहे’ हे सांगायचे असते. १९८२ साली पीटर हेंडरसन यांनी चित्रकार एशर यांची एकमेकांत गुंतलेली मासळी याच रीतीने रचून दाखवली. लहान चित्र घ्या, फिरवा, दुसऱ्याशेजारी ठेवा, की मोठे चित्र तयार! पण हे चित्र स्थिर होते.

त्याला हलवण्याचा विचार करणाऱ्यांत कवी आर्य हे एक. पुढे ते आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले. १९८६ साली त्यांनी चलच्चित्राकडे फलनांच्या वाटेने पाहणारा शोधनिबंध लिहिला. चलच्चित्र म्हणजे चित्रांची आळशी यादी, ही त्यामागची कल्पना. यादी कितीही लांब असो, अगदी न संपणारी असो, पडदा मागेल तेवढीच चित्रे तयार होणार. दोन याद्या एकापुढे एक जोडल्या की एक प्रसंग संपून दुसरा सुरू होतो, एकीवर एक ठेवल्या की दोन्ही एकत्र दिसतात.

१९९७ साली अमेरिकेत कोनल एलियट आणि पॉल हुडाक यांनी ‘फ्रॅन’ नावाची प्रायोगिक प्रणाली मांडली. आर्य यांच्या कामाचे सौंदर्य त्यांनी मान्य केले, पण एक अडचणही दाखवली : यादी केली की काळाचे तुकडे होतात. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही झाली स्थानकांची यादी. पण दोन स्थानकांच्या मध्ये गाडी या क्षणी कुठे आहे, हे यादी सांगत नाही. त्यासाठी गतीचा नियम लागतो. फ्रॅनमध्ये चित्र हे अखंड काळाचे फलन झाले. कोणताही क्षण विचारा, उत्तर तयार. माउसची कळ दाबली की ती ‘घटना’, आणि तिथून पुढचा नियम बदलतो. पाहणारा आता नुसता प्रेक्षक राहिला नाही.

हा मार्गही निर्वेध नव्हता. जुन्या क्षणांचे ओझे संगणकाच्या स्मृतीत साचत जाई. २०१२ साली आलेली ‘एल्म’ ही भाषा याच विचारातून निघाली, पण २०१६ मध्ये तिने ही मांडणी सोडून सोपी वाट धरली. २०१३ साली खुले झालेले फेसबुकचे ‘रिॲक्ट’ आज असंख्य संकेतस्थळांमागे आहे. पडद्यावरचे दृश्य हे माहितीच्या स्थितीचे फलन, ही त्यातली कल्पना याच कुळाशी नाते सांगते.

आपल्याकडे अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले. बडनेरा, शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयेही त्याच वर्षीची. तेव्हापासून इथल्या मुलांनी पुण्या-मुंबईच्या, परदेशातल्या कंपन्यांपर्यंत मजल मारली. पण नोकरीच्या जाहिरातीत ज्या साधनाचे नाव असेल तेच शिकायचे, अशी घाई आपल्याकडे असते. साधने जुनी होतात. फ्रॅनही मागे पडले. मागे पडला नाही तो प्रश्न : गती म्हणजे सुट्या चित्रांची माळ, की एक सलग नियम?

आर्य यांनी पुढे ‘ई-यंत्र’ या उपक्रमातून देशभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांपर्यंत रोबो नेले. रोबोलाही वाहता काळ सांभाळायचा असतो आणि अचानक घडणाऱ्या घटनेला उत्तर द्यायचे असते. म्हणून चांगला शिक्षक मुलांच्या हाती साधन देतो, तेव्हा त्यामागचा प्रश्नही देतो. साधन बदलले तरी असा विद्यार्थी अडून बसत नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)