ऑन-कॉल खलाशी

परवा ऑफिसात ऑन-कॉलच्या पाळ्या लावताना भांडणं झाली, आणि मला १८५९ साल आठवलं!

नेपोलियनशी लढताना ब्रिटिश आरमाराला माणसं कमी पडली, की व्यापारी जहाजांवरचे खलाशी सरळ जबरदस्तीने उचलून न्यायचे. १८५९ च्या कायद्याने पद्धत बदलली. 'रॉयल नेव्हल रिझर्व्ह' मध्ये ३०,००० पर्यंत खलाशी घ्यायचे, तेही स्वखुशीने. करार पाच वर्षांचा. वर्षाला २८ दिवस तोफांचा वगैरे सराव, त्याबद्दल ठरलेले पैसे. एरवी आपली व्यापारी जहाजावरची नोकरी चालूच. युद्ध झालं तर मात्र हजर व्हायचं.

सुरुवातीला खलाशी बिचकलेच. हा पुन्हा पकडून न्यायचाच डाव नाही ना? विश्वास बसायला वेळ लागला.

१९१४ मध्ये बोलावणं आलं. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरूनही खूप जण गेले. युद्ध संपलं, आणि १ जानेवारी १९१९ च्या पहाटे त्यांना घरी आणणारं 'आयोलेअर' स्टॉर्नोवे बंदराजवळ खडकावर आपटलं. २०० हून जास्त माणसं बुडाली, त्यात बरेच रिझर्व्हचे.

सही स्वखुशीची होती, हे खरं. पण २८ दिवसांच्या पैशात आपण काय काय लिहून देतोय, हे सही करताना कुणाला कळतं?