वायफायच्या कुलपाची गोष्ट

परवा माळा आवरताना जुना राउटर सापडला. टाकून देण्याआधी म्हटलं, एकदा लावून बघू. सेटिंगचं पान उघडलं तर सुरक्षेपुढे लिहिलेलं: ‘डब्ल्यूईपी, ६४ बिट’. म्हणजे तेव्हा आमचं घर या कुलपाच्या भरवशावर होतं! मग रविवार त्याचाच इतिहास चाळण्यात गेला.

सुरुवात १९८५ ची. अमेरिकेच्या एफसीसीने २.४ गिगाहर्ट्झसारखे पट्टे या प्रकारच्या रेडिओसाठी विनापरवाना खुले केले. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं, वेग जेमतेम २ मेगाबिट. १९९९ मध्ये ८०२.११बी ने तो ११ वर नेला आणि वायफाय घरात शिरलं.

पण रेडिओलहरींना आपली भिंत कळत नाही. सिग्नल विटांमधून जाताना कमजोर होतो, पण थांबत नाही. बेडरूममध्ये रेंज हवी म्हणून राउटर खिडकीपाशी ठेवला, तर जिन्यातही रेंज मिळते. भिंतीला कान असतात म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं.

म्हणून मानकातच डब्ल्यूईपी घातलं होतं. नावाचा अर्थ, तारेइतकीच गुप्तता. त्यात आरसी४ हा सायफर आणि ४० बिटची किल्ली. ४० च का? तर त्या काळी मजबूत एन्क्रिप्शन निर्यात करण्यावर अमेरिकेत निर्बंध होते. या ४० बिटना दर पॅकेटला बदलणारा २४ बिटचा आकडा जोडायचा, की झाले ६४.

आता गंमत बघा. २४ बिटमध्ये आकडे किती? सुमारे १ कोटी ६८ लाख. ऐकायला भरपूर, पण ११ मेगाबिटच्या भरगच्च नेटवर्कवर ते साधारण पाच तासांत संपतात आणि पुन्हा तेच वापरावे लागतात. एकाच आकड्याची दोन पॅकेट्स हातात आली की गुपित उलगडायला लागतं. वर हा आकडा हवेतून उघडाच जातो.

२००१ मध्ये फ्लुरर, मांटिन आणि शामीर यांनी त्याहून वाईट गोष्ट दाखवली: यातले काही आकडे मूळ किल्लीचेच तुकडे सांडतात. नुसतं ऐकत बसायचं आणि तुकडे गोळा करायचे. त्याच वर्षी ते काम करणारं एअरस्नॉर्ट कुणालाही फुकट मिळू लागलं. किल्ली १०४ बिटची केली तरी दोष तोच राहिला. २००७ मध्ये ती मिनिटाच्या आत फोडून दाखवली गेली.

तोवर लाखो कार्डं विकली गेली होती. ती फेकायला कोण सांगणार? म्हणून २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं. त्याच हार्डवेअरवर, त्याच आरसी४ वर, पण दर पॅकेटला किल्ली बदलणारं. थोडक्यात ठिगळ. खरी दुरुस्ती २००४ ची, एईएस वापरणारं डब्ल्यूपीए२. २०१७ मध्ये त्याच्याही हस्तांदोलनात ‘क्रॅक’ नावाची फट सापडली, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आलं.

आपल्याकडे हा विषय कळला तो वाईट रीतीने. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरात निघाला. नेटवर्क उघडं होतं, वापरणारे दुसरेच होते. पण पोलीस आले ते ज्याचं कनेक्शन त्याच्याकडे. इथे तर कुलूप फोडायचीही गरज पडली नव्हती. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या.

मला वाटतं, या गोष्टीतला खरा धडा गणिताचा नाहीच. तज्ज्ञांनी २००१ मध्येच सांगितलं होतं, पण माझ्यासारख्यांनी ‘चालतंय ना, मग कशाला हात लावा’ म्हणून वर्षानुवर्षं तीच सेटिंग ठेवली. आणि मी तर याच धंद्यातला!

असो. आज घरी गेलात की राउटरचं पान एकदा उघडा. डब्ल्यूपीए३ असेल तर ते, नाहीतर एईएसवालं डब्ल्यूपीए२. पासवर्ड लांब ठेवा, मुलाचं नाव आणि जन्मसाल नको. राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्डही बदला आणि अपडेट आलं असेल तर घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आमचा जुना राउटर रीसेट करून ई-कचऱ्यात गेला. माळा मात्र अजून अर्धाच आवरून झालाय.