खोली १६० चौरस फुटांची, तुकडे ९६ लाख

मोबाइलच्या लहरी खोलीत कशा पसरतात, याचे उत्तर जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतात आहे. मात्र भिंत, खिडकी, लोखंडी कपाट असे अडथळे आले की त्यांची समीकरणे कागदावर सुटत नाहीत. अशा वेळी ‘सांत घटक पद्धत’, अर्थात फायनाइट एलिमेंट मेथड, उपयोगी पडते.

या पद्धतीत जागेचे असंख्य लहान तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्यातील विद्युतक्षेत्र साध्या सूत्राने मांडून शेजारच्या तुकड्यांशी त्याचा मेळ घातला जातो. त्यातून तयार होणारी लाखो समीकरणे संगणक एकत्रित सोडवतो. या पद्धतीचे बीज रिचर्ड कुरांट यांच्या १९४३ च्या निबंधात आढळते. रे क्लफ यांनी १९६० मध्ये तिला आजचे नाव दिले, ते स्थापत्य अभियांत्रिकीत.

लहरींसाठी तिचा वापर सुरू झाल्यावर प्रत्यक्षात नसलेल्या लहरीही उत्तरात उमटू लागल्या. दोन पदार्थांच्या सीमेवर विद्युतक्षेत्राचा समांतर भाग सलग राहतो, लंब भाग मात्र एकदम बदलतो. तुकड्यांच्या कोपऱ्यांवर क्षेत्र मोजताना हा भेद हरवत असे. फ्रेंच गणितज्ञ जाँ-क्लोद नेदेलेक यांनी १९८० मध्ये मांडलेल्या घटकांत मोजणी कडांवर आली आणि ही अडचण दूर झाली.

तुकडा किती लहान हवा? तरंगलांबीच्या दहाव्या भागाएवढा, असा ढोबळ नियम आहे. नायगावच्या बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांची खोली घ्या. उंची ३ मीटर धरल्यास १८०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर लांबीच्या लहरींसाठी तिचे अंदाजे ९६ लाख घनाकार तुकडे होतात. वारंवारता दुप्पट झाली की तुकडे आठपट! त्यामुळे संपूर्ण वस्तीतील सिग्नलचा अंदाज घेताना लहरींना किरण मानणाऱ्या ढोबळ पद्धती वापरल्या जातात.

सांत घटक पद्धतीचे खरे क्षेत्र लहान, पण अचूकतेची मागणी करणाऱ्या वस्तूंचे आहे. कर्करोगावरील किरणोपचाराच्या रेषीय त्वरकात सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरी धातूच्या पोकळ्यांत इलेक्ट्रॉनना वेग देतात. पवईच्या आयआयटी संकुलातील ‘समीर’ या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने असे त्वरक देशात विकसित केले आहेत. पोकळीचे माप किंचित चुकले तरी तिची वारंवारता ढळते. ही चूक धातू कापण्यापूर्वीच संगणकावर पकडता येते, हे या पद्धतीचे मोल.