काळाची कसोटी : एक रासायनिक इतिहास

‘काळाच्या कसोटीला उतरलेली कलाकृती’ हा शब्दप्रयोग आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात फार सहजपणे करतो. ही कसोटी कशी घेतात, तिला किती काळ लागतो आणि निकाल कोण देतो, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारलेच तर आमची पंचाईत होईल. ज्ञानाच्या एका शाखेला मात्र ही कसोटी शब्दशः घडवावी लागली, तीही माणसांच्या प्राणांची किंमत मोजून. ती शाखा म्हणजे स्फोटकांचे रसायनशास्त्र.

1846 साली बाझल येथील प्राध्यापक क्रिस्टियान शोनबाइन यांनी ‘गनकॉटन’ जाहीर केले. तीव्र आम्लांची प्रक्रिया झालेला हा कापूस दिसायला साधाच. पेटवला की मात्र जवळजवळ धुरावाचून क्षणात नाहीसा होतो. सांडलेले आम्ल पत्नीच्या एप्रनने पुसले, एप्रन शेगडीजवळ वाळत घातला आणि तो भडकन उडाला, अशी या शोधाची आख्यायिका आहे. (विज्ञानाच्या इतिहासालाही संतचरित्रांप्रमाणे आख्यायिका लागतात, हे जाता जाता नोंदवावेसे वाटते.) काळ्या दारूच्या धुराने रणांगण दिसेनासे होण्याच्या त्या काळात युरोपातील सैन्यांना हा कापूस वरदान वाटला, यात नवल नाही.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील फॅव्हरशॅम येथे लगोलग त्याचा कारखाना निघाला. 14 जुलै 1847 रोजी तो उडाला आणि 18 कामगार मेले; त्यांतील काहींचे देह ओळखण्यासारखेही उरले नव्हते. ऑस्ट्रियाने या कापसाचा नाद सोडला नाही, पण 1862 आणि 1865 मध्ये तिथली कोठारे उडाली तेव्हा त्यांनीही हात टेकले. यांतील विलक्षण गोष्ट अशी की गनकॉटनच्या शक्तीबद्दल कोणालाच शंका नव्हती. शक्ती मोजणे सोपे असते. त्याला एक क्षण पुरतो. तोच कापूस कोठारात दहा वर्षे गुपचूप पडून राहील का, हे ठरवायला दहा वर्षे लागतात, आणि दहा वर्षे थांबायला कोणतेही सरकार तयार नसते.

या अडचणीतून वाट काढली ती वुलिच येथील ब्रिटिश युद्धखात्याचे रसायनज्ञ फ्रेडरिक एबल यांनी. कापसाचा तंतू ही वस्तुतः एक अतिसूक्ष्म पोकळ नळी असते. कितीही धुतले तरी आम्लाचा अंश नळीच्या पोटात दडून राहतो आणि हळूहळू पदार्थाचे विघटन सुरू करतो. त्या विघटनातून निघणारे वायू पुढच्या विघटनाला आणखी वेग देतात. म्हणजे हा पदार्थ आपल्या नाशाची गती स्वतःच वाढवीत नेतो. बाहेरून ठिणगीसुद्धा लागत नाही. एबल यांनी 1865 मध्ये सुचवलेला उपाय कागदाच्या गिरणीतून उचललेला होता : तंतूंचा लगदा करा, म्हणजे आत दडलेले आम्ल धुतले जाईल. कागदाच्याच तंत्राने हा प्रश्न आटोक्यात यावा, याचे आम्हां पुस्तकवाल्यांना थोडे कौतुक वाटते.

पण धुतलेला माल खरोखर शुद्ध आहे, हे कशावरून मानायचे? 1871 च्या ऑगस्टमध्ये स्टोमार्केटचा कारखाना उडून वीसहून अधिक माणसे गेली, मालक प्रेंटिस घराण्यातले दोघे त्यांत होते. माल सरकारी तपासणीत उतरल्यानंतर कोणा अज्ञाताने त्यात आम्ल मिसळले, असा निष्कर्ष पंचांनी नोंदवला. एबल यांच्या नावाने ओळखली जाणारी उष्णता-चाचणी अशा भयाच्या छायेत रूढ झाली. चिमूटभर नमुना ठरावीक तापमानाला ठेवायचा, वर रसायन लावलेली कागदाची पट्टी टांगायची आणि तिच्यावर रंग उमटायला किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहायचे. मिनिटांवरून वर्षांचा अंदाज! काळाची कसोटी परीक्षानळीत मावली ती अशी. ती फसवताही येत असे. किंचित भेसळ केली की पट्टी कोरी राही आणि माल उत्तीर्ण होई. उत्तीर्ण होणे आणि टिकणे यांतला फरक परीक्षकांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

फ्रान्सला तो फारच महागात समजला. पॉल व्हिएय यांनी 1884 मध्ये नायट्रोसेल्युलोजपासून धूररहित दारू बनवली. 12 मार्च 1907 रोजी तुलाँच्या कोरड्या गोदीत ‘इएना’ युद्धनौकेची कोठारे उडू लागली. गोदी कोरडी, म्हणून कोठारांत पाणी सोडता येईना. शेवटी दुसऱ्या नौकेने गोदीच्या दारावर तोफगोळा डागला. सुमारे 120 माणसे मेली. बहुतेकांचे बोट जुन्या झालेल्या दारूकडे होते, पण आरमार आणि दारूखाते एकमेकांना दोष देत राहिले. 1911 मध्ये त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ही उडाली आणि दोनशेहून अधिक बळी गेले. त्यानंतर विघटनाचे वायू शोषून घेणारे डायफिनाइलअमाइन हे स्थैर्यकारक फ्रेंच दारूत आले. इंग्रजांच्या कॉर्डाइटला हे भाग्य अजाणता लाभले होते. त्यात व्हॅसलिन घातले होते ते तोफेची नळी झिजू नये म्हणून. त्याने दारूचे स्थैर्यही वाढते हे मागाहून कळले.

पुढे आरडीएक्स, एचएमएक्स आणि 1987 मध्ये अमेरिकेत तयार झालेले सीएल-20 अशी अधिकाधिक शक्तिमान संयुगे आली, तरी शक्ती वाढली की पदार्थ नाजूक होतो ही तक्रार सहसा सुटली नाही. पुण्यात पाषाणला संरक्षण संशोधनाची उच्चऊर्जा पदार्थ प्रयोगशाळा आहे. शक्ती आणि स्थैर्य यांचा मेळ हा तिच्याही कामाचा विषय आहे.

याच पुण्यात या इतिहासाची एक बाजू आमच्या अगदी जवळची आहे. तोफेच्या दारूतले नायट्रोसेल्युलोजच, किंचित सौम्य रूपात, जुन्या चित्रपटांच्या फिल्मचे द्रव्य होते. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये उमटला तो अशाच फिल्मवर. पात्रांचे चेहरे ज्यावर टिकवायचे ते द्रव्य गनकॉटनच्या नात्यातले आणि त्याच्याच स्वभावाचे : आतून विघटन पावणारे आणि विघटनाला स्वतःच वेग देणारे. आधी चित्र फिके होते, मग फिल्म चिकट होते, फेस धरते आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. ती पेटली तर पाण्यानेही विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्या रेणूतच असतो.

8 जानेवारी 2003 रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील नायट्रेट कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची हजारो रिळे गेली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवल्या होत्या तेवढे चित्रपट आज आपण पाहू शकतो. अभ्यासक्रमात त्यांना ‘कालजयी’ म्हणताना ते कोणत्या द्रव्यावर उमटले होते, हे मात्र आम्ही कधी सांगितलेले आठवत नाही.