कोलारचा धडा

जुन्या म्हैसूर संस्थानातील कोलारच्या सोन्याच्या खाणी ३ किलोमीटरहून अधिक खोल गेल्या. तेथे भाराने दबलेला खडक अकस्मात स्फोटासारखा फुटे आणि कामगार प्राणांस मुकत. त्या आघातांतून खडकाची हालचाल मोजण्याची विद्या तेथे वाढली. १९८८ साली कोलारलाच राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था निघाली. २००१ मध्ये खाणी बंद पडल्या, विद्या मात्र उरली.

तीच विद्या भूमिगत तेलसाठ्यांना हवी असते. अमेरिकेत खनिज तेल मिठाच्या पोकळ्यांत साठवितात. परंतु मीठ भाराखाली हळूहळू सरकते व पोकळी आकसते. मंगळूर आणि पादूर येथे मिळून सुमारे ४० लाख टन तेल मावेल एवढ्या पोकळ्या कठीण खडकात कोरल्या आहेत. भूजलाचा दाब तेल कोंडून ठेवतो. खडक निर्जीव नव्हे, हा धडा मात्र कोलारच्या कामगारांनी प्राण देऊन शिकविला.