ताव लावणारा हात

आमच्या मंडळाच्या कपाटात जुन्या छापील कागदांची एक पेटी आहे. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, नाटकाच्या जाहिराती, पावतीपुस्तकं, असं बरंच काही. सगळं रामाकोना, सौंसर, पांढुर्णा भागातल्या घराघरांतून गोळा केलेलं. दोन वर्षांपूर्वी ही पेटी नीट लावायचं काम माझ्याकडे आलं. मी उत्साहानं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मळक्या, दुमडलेल्या कडा पट्टी धरून कापल्या आणि कागद एका मापाच्या फायलींत बसवले. दुसरं म्हणजे एकाच पत्रिकेच्या तीन-चार प्रती होत्या, त्यातली एक ठेवून बाकीच्या रद्दीत दिल्या. त्यावेळी मला वाटलं, काम किती व्यवस्थित झालं!

मग एका बैठकीला सौंसरच्या एका छापखान्यात तीस वर्षं मशीन चालवलेले एक गृहस्थ आले. वय ऐंशीच्या पुढं. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी फाईल उघडली, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "बाबू, ह्या कडा कोनं कापल्या?"

"मीच कापल्या मामा. खराब झाल्या होत्या."

"आता कागद कोन्त्या बाजूनं लावला होता ते कसं समजन तुले?"

मला प्रश्नच कळला नाही. छापलेल्या कागदात मजकूर बघायचा, तारीख बघायची, छापखान्याचं नाव बघायचं, एवढंच मला ठाऊक. कागद मशीनमध्ये कसा जातो हा इतिहासाचा विषय असू शकतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. त्या प्रश्नानं मी या विषयाच्या मागं लागलो. जे हाती लागलं ते इथं मांडतो.

लाकडी दाबयंत्र आणि दोन टोचे

हिंदुस्थानात पहिला छापखाना गोव्यात १५५६ साली उतरला. फादर स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. त्या काळचं यंत्र म्हणजे लाकडी चौकट आणि मळसूत्राचा दाब. अशा यंत्रावर साधारण दोन माणसं लागत. एक खिळ्यांना शाई लावायचा, दुसरा कागद सांभाळायचा आणि दांडा ओढायचा. कागद आदल्या दिवशीच ओलसर करून ठेवत, म्हणजे तो शाई नीट धरतो. मग एकेक ताव बिजागरीच्या पडद्यावर ठेवायचा, त्यावर कापलेल्या खिडक्यांची हलकी चौकट पाडायची म्हणजे समासाला शाई लागत नाही. हे सगळं खिळ्यांवर उलटं पाडायचं, आत सरकवायचं, दाबायचं, बाहेर ओढायचं, ताव काढायचा. तासाला दोनशे-अडीचशे ताव निघाले तर पुष्कळ.

पडद्यावर दोन अणकुचीदार टोचे बसवलेले असत. पहिली बाजू छापताना ते कागदाला दोन बारीक भोकं पाडत. दुसरी बाजू छापताना तीच भोकं पुन्हा त्याच टोच्यांवर बसवायची. असं केलं की पुढच्या पानावरची ओळ मागच्या ओळीच्या बरोबर पाठीमागं येते. हातछपाईचं जुनं पुस्तक प्रकाशासमोर धरलं तर तावाच्या मधल्या घडीजवळ ही भोकं कधीकधी सापडतात. आपण त्यांना कसरीची करणी समजतो.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यातलं काम पाहून स्वतःचा लाकडी छापखाना तयार केला, शिळाछापाची शाईही स्वतः बनवली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. पंचांगाच्या पानात आकड्यांच्या रांगाच रांगा. कागद जरा तिरपा बसला की रांगाही तिरप्या. म्हणजे तिथंही ताव ठेवणाऱ्याच्या हातावर बरंच काही अवलंबून होतं.

यंत्र पळायला लागलं, हात तोच राहिला

२९ नोव्हेंबर १८१४ रोजी लंडनचा टाइम्स पहिल्यांदा वाफेच्या यंत्रावर छापला गेला. यंत्र फ्रीडरिख कोनिग या जर्मन माणसाचं. सपाट दाबाऐवजी फिरतं सिलिंडर होतं आणि तासाला अकराशे ताव निघत होते. त्या दिवशीच्या अग्रलेखाचा सूर असा होता की, आता यंत्राला नुसता कागद पुरवला की झालं, माणसाला फारसं काम उरलं नाही.

हे वाक्य मी मामांना सांगितलं तर ते खो-खो हसले. "नुसता कागद? अरे, सगळी मशीन त्याच्यावरच त अडते!"

त्यांचं म्हणणं पुढच्या पन्नास वर्षांनी खरं करून दाखवलं. शाई लावणं रुळांनी घेतलं, दाब सिलिंडरनं घेतला, हलवणं वाफेनं घेतलं. पण गठ्ठ्यातून एकच ताव सुटा करणं आणि तो सरळ लावणं, हे यंत्राला जमेना. दोन कागद एकमेकांना चिकटतात, वारा लागला की उडतात, दमट हवेत वाकतात. बोटाला हे समजतं, लोखंडाला समजत नाही. मग छापणाऱ्यांनी वेग वाढवायचा एकच मार्ग काढला, तो म्हणजे कागद लावणारे हात वाढवणं. १८२७ च्या सुमारास ॲपलगाथ आणि काउपर यांनी टाइम्ससाठी चार ठिकाणांहून कागद घेणारं यंत्र केलं. ते तासाला चार हजारांवर गेलं. १८४८ मध्ये ॲपलगाथनं उभ्या सिलिंडरभोवती आठ जागा केल्या. अमेरिकेत रिचर्ड हो यानं तर दहा जागांचं यंत्र बांधलं. दुमजली, तिमजली माळ्यांवर माणसं उभी, प्रत्येकाच्या पुढ्यात कागदाचा गठ्ठा, आणि मध्ये गरगरणारं सिलिंडर.

या कोंडीतून सुटका झाली ती गुंडाळीच्या कागदानं. अमेरिकेतल्या विल्यम बुलकनं १८६० च्या दशकात असं यंत्र केलं की अखंड गुंडाळीतून कागद आपोआप आत जाई. ताव लावणारा माणूस तिथं लागत नव्हता. पण १८६७ साली फिलाडेल्फियात स्वतःचंच यंत्र दुरुस्त करताना बुलकचा पाय त्यात सापडला, जखम चिघळली आणि तो वारला.

गुंडाळीचं यंत्र मोठ्या दैनिकांना परवडणारं. पुस्तकं, मासिकं, पत्रिका मात्र पुढं शंभर वर्षं सुट्या तावांवरच छापल्या गेल्या. त्यासाठी इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या ओटली गावी १८५८ च्या सुमारास व्हार्फडेल नावाचं सिलिंडर मशीन तयार झालं. त्याची युक्ती साधी आहे. प्रत्येक फेरीनंतर सिलिंडर क्षणभर थांबतं. तेवढ्यात फळीवरचा माणूस ताव पुढच्या दोन अडण्यांना आणि बाजूच्या एका अडणीला टेकवतो. मग लोखंडी चिमटे कागदाची कड पकडतात आणि सिलिंडर त्याला घेऊन फिरतं. हे चिमटे म्हणजे ग्रिपर.

दोन अडण्या समोर, एक बाजूला. कागद सरळ बसवायला तीन बिंदू पुरतात. आजच्या ऑफसेट मशीनमध्येसुद्धा हेच तत्त्व आहे.

अचूकपणा किती लागतो हे बघायचं असेल तर राजा रविवर्म्याची छापील चित्रं बघा. त्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एका चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड. तोच ताव एकामागून एक रंगासाठी पुन्हापुन्हा मशीनवर चढायचा. एखादा रंग केसभर सरकला की लक्ष्मीचे ओठ एकीकडे आणि लाली दुसरीकडे. आपल्या आजीच्या देव्हाऱ्यातल्या तसबिरीत असं दिसलं तर तो चित्रकाराचा दोष समजू नका.

ट्रेडल मशीन आणि आपला भाग

आमच्यासारख्या छोट्या गावांत छपाई म्हणजे ट्रेडल मशीन. न्यूयॉर्कच्या जॉर्ज गॉर्डननं १८५० च्या दशकात याचा मूळ नमुना रूढ केला. पुढे क्लीव्हलँडच्या चँडलर अँड प्राइस कंपनीनं त्याच धर्तीची मशीन भरपूर विकली आणि आपल्याकडेही तशीच मशीन बनू लागली. रामाकोन्याच्या माणसाला पत्रिका छापायची तर सौंसर गाठायचं, मोठं काम असेल तर छोट्या लाइनच्या गाडीनं नागपूर. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती, त्यामुळे छपाईच्या वाटाही तिकडेच जात.

ट्रेडलवर खिळ्यांचा फर्मा उभा असतो. समोरचा लोखंडी पाट शिंपल्यासारखा उघडतो आणि मिटतो. पाट उघडला की उजव्या हातानं कोरा कागद आत ठेवायचा, डाव्या हातानं छापलेला काढायचा, खाली पाय चालूच. पाटावरच्या पॅकिंगवर तीन पिना, दोन खालच्या बाजूला, एक डावीकडे. पिना नसल्या तर जाड पुठ्ठ्याचे तुकडे खळीनं चिकटवत. कागद उजवीकडून सरकवत खालच्या दोन पिनांवर टेकवायचा आणि डावीकडच्या पिनेला भिडवायचा. सरावाचा माणूस तासाला हजाराच्या आसपास कागद काढायचा.

"आधी गठ्ठ्याचा पंखा करायचा," मामा सांगत होते. त्यांनी फायलीतलेच कागद हातात घेऊन कोपरे वाकवले आणि सोडले. कागद जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकामागं एक पसरले. "मंग बोट थोडं ओलं. उन्हाळ्यात कागद वाळते, एकमेकाले चिपकून बसते. पावसाळ्यात पापडावानी वाकते. मधात हवा गेली पाहिजे, त एकच सुटते."

त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट एका पेरानं आखूड आहे. मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"कागद वाकडा पडला होता. सरळ कराले गेलो."

मशीनला डावीकडे एक दांडा असतो. तो ढकलला की पाट मिटतो पण खिळ्यांना टेकत नाही, कागद कोरा राहतो. नियम असा की कागद वाकडा पडला तर हात आत घालायचा नाही, दांडा ढकलायचा आणि पुढच्या फेरीला कागद नीट करायचा. वेळ चुकली तर वाकडं छापू द्यायचं. हे मामांना ठाऊक नव्हतं का? पक्कं ठाऊक होतं.

"मग हात का घातला मामा?"

"दोनशे पत्रिकेचे दोनशे दहा कागद मोजून भेटायचे. आठ आदीच खराब झाले होते." मग जरा थांबून म्हणाले, "हात आपोआप जाते रे. डोकं मागून येते."

आपोआप कागद घेणाऱ्या मशीनचा इतिहास मी नंतर वाचला. हायडेलबर्ग कंपनीनं १९१४ साली लाइपझिगच्या प्रदर्शनात असं मशीन मांडलं होतं. हवेच्या फुंकरीनं ताव सुटा करायचा, शोषून उचलायचा आणि पवनचक्कीसारख्या फिरत्या हातांनी पाटावर न्यायचा. आपल्याकडे त्याला विंडमिलच म्हणतात. म्हणजे बोटाचं काम करणारं यंत्र मामांचा जन्म व्हायच्या आधीच तयार होतं. पण ते महाग होतं आणि लहान छापखान्यात माणूस स्वस्त होता. तंत्राच्या इतिहासात शोधाचं साल आपण लिहितो. तो शोध आपल्या गावात कधी पोचला हे क्वचितच लिहितो. मामांच्या बोटाचा हिशोब या दोन तारखांच्या मधल्या काळात आहे.

कडेत काय असतं

आता मामांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. कागद कोणत्या बाजूनं लावला ते कसं समजतं?

समजा एकाच पत्रिकेच्या चार प्रती आहेत. चारही बाजूंचे समास पट्टीनं मोजा. कागद ज्या दोन कडांनी पिनांना टेकला होता, त्या दोन बाजूंचे समास चारही प्रतींत जवळपास सारखे भरतात. उरलेल्या दोन बाजूंना कागद मुळात कमीजास्त कापलेला असतो, म्हणून तिथं फरक पडतो. टेकलेल्या बाजूलाच फरक दिसला, तर लावणाऱ्याचा हात चुकला असं समजायचं. समासावर शाईचं बोट उमटलं असेल तर तो बहुधा कागद काढणारा डावा हात. छापून झाल्यावर कापलेल्या पत्रकांवर या खुणा राहत नाहीत, पण पत्रिकांची कार्डं बहुतेक आधीच कापलेली येत.

म्हणजे मी ज्या कडा कापल्या आणि ज्या जास्तीच्या प्रती रद्दीत दिल्या, नेमकी तीच माहिती होती. मजकूर जुळाऱ्याचा, पैसे यजमानाचे, नाव छापखान्याचं. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाचं नाव कुठंही छापलेलं नसतं. त्याची सही फक्त समासात होती आणि ती मी कात्रीनं काढून टाकली.

पेटीत न कापलेले थोडे कागद उरले आहेत. त्यांत एका पत्रिकेच्या तीन प्रती निघाल्या, पाकिटात राहिल्यामुळे माझ्या तावडीतून वाचलेल्या. मामांनी त्या खिडकीशी नेऊन एकावर एक धरल्या. खालच्या कडा आणि डाव्या कडा तंतोतंत जुळल्या. दोन प्रतींत ओळीही एकमेकींवर बसल्या. तिसरीत "कृपाभिलाषी"ची ओळ उजवीकडे चढत गेली होती.

"हे माह्यंच काम असन काय?" त्यांनी स्वतःशीच विचारलं. छापखान्याचं नाव त्यांच्याच छापखान्याचं होतं, पण तिथं मशीनवर आणखीही माणसं होती. मामांनी तिसरी पत्रिका बराच वेळ हातात धरली आणि म्हणाले, "वाकडी गेली, पन ज्यानं लावली त्यानं हात नाही घातला. शहाणा होता."

वाचकांना विनंती एवढीच. घरात जुन्या पत्रिका, पत्रकं असतील तर कडा कापू नका, लॅमिनेशन करू नका. एकाच छपाईच्या चार प्रती असतील तर चारही ठेवा. आणि तुमच्या गावात ट्रेडलवर, सिलिंडरवर काम केलेलं कुणी असेल तर त्यांच्याशी बोलून घ्या. आमच्या पेटीवर आता एक चिठ्ठी लावली आहे : "कात्री आत नेऊ नये." ती मीच लिहिली आहे.